चुन्याच्या रेघा

पहिला मार बसला तो गादीवर,
पहाटे तीनला.
बेलार्मिनो गाढ झोपेत होता
आणि हातात नसलेली काठी होती.
कंबरेतून मागे रेलून त्यानं झटका दिला,
वीस किलोची ट्यूना खांद्यावरून भिरकावली
डेकवर,
म्हणजे कपाटावर.
दिव्याची काच फुटली. मधे माझा ओठ होता.

सकाळी म्हणाला, "काय लागली होती गं आज!"
मग ओठ बघितला आणि पावाचा तुकडा
कपात तसाच विरघळू दिला.
बोट विकून अकरा वर्षं झाली होती.

खाडी ओलांडून होर्ताला गेलो.
डॉक्टर झुल्मिरा, आमच्या नातीएवढी,
तिनं कागदावर फ्लॉवरचा गड्डा काढला
आणि देठाशी पेन टेकवलं.
"माणूस स्वप्नात धावतो तेव्हा
इथला पहारेकरी कवाडं लावून घेतो.
वरून हुकूम सुटत राहतात,
हातापायांपर्यंत पोचत नाहीत.
तुमच्याकडचा पहारेकरी डुलक्या घेतोय."

म्हणजे चाळीस वर्षं
हा रोज रात्री आतून बांधलेला होता
आणि मी म्हणायची, किती शांत झोपतो.

जाता जाता तिनं विचारलं, वास येतो का त्यांना?
मी हसले. कॉफी करपून घरभर झाली
तरी हा पेपर वाचत बसतो.
ती हसली नाही. काहीतरी लिहून घेतलं.
त्या लिहिण्याचा अर्थ चार वर्षांनी कळला,

जेव्हा त्याचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला,
मणी ओढल्यासारखा.
पाद्रीबाबा खूश, म्हातारा शेवटी जपाला लागला.
मी सांगितलं नाही.

हा माणूस लाटेवर, काही न धरता,
वाफाळत्या सूपचा वाडगा घेऊन उभा राहायचा.
कानात ओळंबा लटकवलाय, बाकीचे म्हणायचे.
आता स्वयंपाकघरात टेबलाला वळसा घालायचा
तर सात पावलं, सातही चिमणीची.
आणि दाराशी आला की संपलं.
पाय फरशीला शिवलेले.
मी म्हणते, चल. तो म्हणतो, चालतोय की.
खरंच चालत असतो तो, वर कुठेतरी.

मग एका रविवारी मादालेनाच्या चौकात
काळ्या दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे आले,
आणि माझा हात सोडून हा निघाला.
पट्टा, पाऊल. पट्टा, पाऊल.
थेट धक्क्यापर्यंत.
मी मागे पर्स सांभाळत धावतेय.

त्याच संध्याकाळी चुना कालवला.
अंगणाच्या दारापासून खाटेपर्यंत
काळ्या फरशीवर रेघा ओढल्या,
त्याच्या जुन्या पावलाएवढं अंतर ठेवून,
ते मला पाठ होतं.
शेजारची एतेल्विना म्हणाली, हे काय गं?
म्हटलं, आजाराला चुना लावलाय.

जुना रस्ता खचलाय, झुल्मिरा म्हणते,
डोळ्यांनी दुसरी पायवाट काढली.
असेल. मला एवढंच दिसतं
की एकेक रेघ तो ओलांडतो
लाट ओलांडावी तशी,
आणि कधी कधी वर बघून हसतो.

गादी आता जमिनीवर आहे. दिवा फळीवर.
रात्री काठी उठली की
मी अंधारात, जरा लांबून, सांगते,
"पुरे, बेलार्मिनो. बोट भरली."
कधी हात खाली येतो.
कधी आणखी दोन-तीन मासे येतात.
आत कोण ऐकतं, डॉक्टरलाही विचारलं नाही.

शनिवारी चुना आणायचा आहे.
तिसरी रेघ पुसत आलीय,
तिथेच तो काल अडला.