संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

किचनच्या दाराआड, ट्रे ठेवायच्या रॅकवर
चार फोटो चिकटवलेत.
चौघांतला दुसरा रोवन. वय सहा, पुढचे दोन दात पडलेले.
खाली लाल अक्षरांत: शेंगदाणे, काजू, तीळ.
आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोखाली तारीख लिहितात, हार घालतात,
म्हणून पहिल्या दिवशी मला तो बघवेना.

कीथलीतली ही शाळा, काजळलेल्या पिवळ्या दगडाची.
बारा ते सव्वा, मी इथली डिनर लेडी.
पोरं मिस म्हणतात, आडनाव कुणाला झेपत नाही.
काम काय, तर सांडलेलं कस्टर्ड पुसणं,
कुणी कुणाचा वाटाणा पळवला याचा निवाडा,
आणि रोवनचं टेबल.
आधी साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं,
ते फडकं दुसऱ्या टेबलाला लागू देत नाही.
आई सोवळ्याचा तांब्या असाच जपायची.
मी हसायचे, मोठी झाल्यावर भांडायचे.
तिचं सोवळं माणसं लांब ठेवायचं.
हे मात्र एका पोराला
सगळ्यांच्या पंगतीत बसवायला.

सप्टेंबरात नर्स आली, खोटं पेन घेऊन.
निळं टोक आभाळाकडे, नारिंगी मांडीकडे.
पँटवरूनच, जोरात, टक् होईपर्यंत.
मग मोजायचं.
मी आपल्याच मांडीवर दाबलं, मोजलं: एक, दोन, तीन.
नर्स म्हणाली, भाषा कुठलीही चालेल,
फक्त घाईनं मोजू नका.

खरी पेनं दोन, पिशवीत.
पिशवी रोवनमागोमाग फिरते,
मैदानात, पोहायला, चर्चमध्ये नाताळची गाणी म्हणायला.
तिची मुदत बघणं माझं काम नाही.
तरी दर सोमवारी बघते. मार्चपर्यंत आहे.

माझं माहेर सोलापूर.
भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट,
उपवासाला तर कुटावाचून पान हलत नाही.
भाऊ शेंगाचटणी पाठवतो,
ती तीन पिशव्यांत बांधून वरच्या फळीवर.
सोमवार ते शुक्रवार हात लावत नाही.
नवरा म्हणतो, पोर काय तुझं आहे?
नाही.

काल संकष्टी. ती लक्षात होती, शाळाच विसरले.
अर्धवट झोपेत खिचडी परतली,
उभ्या उभ्या चार घास खाल्ले
आणि बसमध्ये बोटांना वास आला.

शाळेत कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. चुळा भरल्या.
नखं कातरली, ऑफिसातल्या कात्रीनं.
लॉरेनला सांगितलं, आज मला गेटपाशी ठेव,
ते टेबल तू पूस.
ती म्हणाली, सांगितलंस ते बरं झालं,
आणि दुसरा एप्रन दिला.

साडेबाराला रोवन पडला.
गुडघा फुटला, आणि एवढ्या मोठ्या मैदानात
तो धावत सुटला तो माझ्याकडेच,
दोन्ही हात पुढे.

मी मागे सरले.
एक पाऊल, मग आणखी एक,
पाठ कुंपणाला लागेपर्यंत.

तो थबकला. रडणंही थबकलं.
माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं,
मिस, तू काय खाल्लंयस?

सांगितलं.
त्यानं मान हलवली, अगदी एखाद्या म्हाताऱ्यासारखी.
म्हणाला, मग उद्या,
आणि लंगडत लॉरेनकडे गेला.

संध्याकाळी ढग होते. चंद्र दिसलाच नाही.
नवऱ्यानं फोनवर वेळ बघितली, म्हणाला, उगवलाय, जेव.
कुटाचा डबा मी चटणीशेजारी, वर ठेवून दिला.

आज सकाळी पोहे केले. दाण्यांवाचून जरा पोरके लागले.
जेवणाच्या सुट्टीत रोवन आला,
लांब उभा राहिला, हातभर अंतरावर.
विचारलं, आज?
म्हटलं, आज काही नाही.

मग त्यानं गुडघा पुढे केला.
पट्टीवर हिरवा डायनासोर होता, एका बाजूनं सुटत आलेला.
मी खाली बसले
आणि अंगठ्यानं ती कड
दाबून बसवली.