पाकीट एकोणतीस

काल मुखरू नैताम अंगठा द्यायला आला,
तोंडाला मोहाचा वास.
म्हटलं, आज नाही. उद्या या, उतरल्यावर.
चिडला. "आंगठा तं माहाच हाय ना!"

आज आला, केसांना तेल लावून.
हात थरथरत होते. त्याचं औषध आधी दिलं,
ते सगळ्यांनाच.
मग कागद वाचला, झाडी बोलीत, दोनदा.
आता तुम्ही सांगा, म्हटलं.
"अर्ध्यायले दवा, अर्ध्यायले नुसता भुसा.
कोनाले काय, तुमाले बी ठाऊक नाही."
आमची पाच पानं.

मधेच सोडलं तरी चालेल, मी म्हटलं,
कारण विचारणार नाही.
"सोडाचं तं दारू हाय ना, बाई," हसला.

सहाव्या मंगळवारी तो नाही, पोरगी आली
पाकीट घेऊन. आत अकरा गोळ्या उरलेल्या.
शून्य लिहिलं असतं
तर नागपूरचे साहेब खूश झाले असते.
अकरा लिहिलं.
मी मोजताना पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती,
दवा की भुसा, मला तरी कळेल म्हणून.

दवाखाना बंद करून सायकल
तिच्यामागे पांदणीला वळवली,
कारण विचारायचं नाही,
कारण विचारायचं नाही,
वाटभर घोकत.