तीनदा खाली, मग हिरवं

हुबळीहून मालवाला पोरगा आला,
काउंटरवर एक केबल टाकली, म्हणाला,
शेट, आता हीच. बाकीचं मागवूच नका.
दिल्लीचा हुकूम आहे, सगळ्या फोनांना एकच भोक.
उलटी घाला, सुलटी घाला, जाते.

मी घालून बघितली.
उलटी. सुलटी. जाते.

मग खालचा खण ओढला.
निपाणीत दुकान घातल्यापासून
तो कधी पुरता उघडलेला नाही.
बारीक पिन, जाडी पिन,
कंगव्यासारखी चपटी,
एक कुठल्या कंपनीची ते मलाही आठवेना,
सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.
एक ओढली की बारा येतात
आणि पाहिजे ती येत नाही.

बरं झालं, म्हणालो. मनापासून म्हणालो.
वीस वर्षं लोक दारात उभे राहून विचारतायत,
ह्याची पिन हाय काय?
इदर पिन ऐतेन्री?
आणि मी न्हाई म्हणतोय, इल्ल म्हणतोय.

पाटी गेल्या साली नवी केली.
वर कन्नड, साठ टक्के, दस्तगीर पेंटरनं टेप लावून मोजलेली,
खाली उरलेल्या जागेत मराठी, जरा दाटीवाटीनं.
गिऱ्हाईक पाटी वाचत नाही.
लोंबणाऱ्या केबली बघून आत येतं.

पण तोंड एक झालं म्हणून काय झालं?
चाळीसची केबल मी कात्रीनं फोडून दाखवतो:
आत दोनच तारा, केसाएवढ्या.
दोनशेची भरगच्च.
हातात घेतली तर दोन्ही सारख्याच,
एक तासाभरात पोट भरते
दुसरी रात्रभर नुसती चाटत बसते.
आतलं काय लिहिलंय रे हुकमात, मी विचारलं.
पोरगा पावती फाडत होता.

दुपारी निंगव्वा आली, अक्कोळची.
तंबाखूचा ठसका तिच्या आधी आत आला.
कनवटीचा फोन काढला, बटणांचा,
भोक ढिलं,
आठ दिवस काड्यापेटीची काडी खोचून चालवलेला.

मावशी, नवा घे की. घरात सगळ्यांना एकच चार्जर चालंल.
नको.
ह्यात तीनदा खाली, मग हिरवं, की गोकाकची लेक.
पाचदा खाली, बिडीचा मुकादम.
एकदा वर, जावई. त्याला लावत न्हाई मी.
नव्यात कोण कुठं बसंल?

अक्षरांप्रमाणं बसतात, मावशी. आपोआप.
कुठल्या अक्षरांप्रमाणं? आमच्या का तुमच्या?
इंग्लिशच्या.
ती हसली. सुपारी खाल्लेले दात, तेवढेच बोलले.

माळ्यावरनं खेकडा काढला.
आम्ही खेकडाच म्हणायचो त्याला,
पोटात चिमटा, पुढं पितळेच्या दोन नांग्या,
कुठलीही बॅटरी द्या, नांग्या सरकवायच्या,
तांबडा लागला तर जरा डावीकडं,
हिरवा लागला की झालं.
ह्याच्यासाठी कुणी हुकूम काढला नव्हता.
बॅटरीला हा कधी काही म्हणाला नाही,
आपलेच पाय इकडं तिकडं करायचा.

फुंकर मारली, धूळ माझ्याच डोळ्यात गेली.
डावीकडं. अजून जरा. उजवीकडं.
तांबडा.
तांबडा.
निंगव्वा स्टुलावर, हात मांडीवर,
बोटं मात्र मोकळ्या हवेत पान वळत होती.
हिरवा.

अर्ध्या तासानं बॅटरी बसवली, फोन तिच्या हातात दिला.
पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.
खाली, खाली, खाली. हिरवं.

लेकीशी कन्नडात बोलली,
मधेच नातू आला असावा, त्याच्याशी मराठीत,
परत लेक, परत कन्नड, कुठं सांधा दिसला नाही,
आणि फोन कानाला तसाच धरून
माझ्याकडं बघत मान उडवली: किती?

मी दोन बोटं दाखवली.
तिनं एक मोडलं.