उरलेल्या गोळ्या

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी लोकांच्या उरलेल्या गोळ्या मोजते.
छत्तीस दिल्या, तीस दिवस गेले,
डबीत सहा हव्यात.
एवढीच नोकरी.

सिंदेवाहीहून नवरगाव, तिथून आत
बोडीच्या पाळीवरून मोपेड ढकलत.
पिशवीत बीपीचं यंत्र, पांढऱ्या डब्या,
डबीवर आकडा, नाव नाही.
नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच आहेत,
ही त्यावरची एक जादा.
कुणाच्या डबीत औषध, कुणाच्या नुसता स्टार्च,
मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.
नागपूरच्या एका कपाटातल्या बंद पाकिटांना ठाऊक.

"मंग मले नकली भेटली तं?"
डोमाजी शेंडेंनी पहिल्याच दिवशी विचारलं.
नंबर एकशे सतरा, वय एकसष्ट,
मागल्या रोवणीत छाती धरून बांधीतच बसलेले.
म्हटलं, काका, चिठ्ठी निघते.
आणि एका घरातून एकच माणूस, असा नियम.
बायनाबाई दारात लाखोळी पाखडत होत्या.
"यायलेच घ्या," म्हणाल्या, "मले काय धाड भरली."

फुलाबाईची डबी उंदरानं नेली.
नैतामांनी एक गोळी आधी कोंबडीला चारून पाहिली.
डोमाजींच्या मात्र सहाच्या सहा,
आठ महिने.
मी गावभर त्यांचं उदाहरण द्यायची.
फक्त त्यांचा दाब खाली येत नव्हता.
मी यंत्राचे सेल दोनदा बदलले.

मंगळवारी पोळा आला, म्हणून सोमवारीच गेले.
डोमाजी बैल धुवायला बोडीवर,
आणि चुलीपाशी बायनाबाई,
एका हातात गडवा, दुसऱ्या तळहातावर गोळी.
माझ्याकडे बघतच त्यांनी ती गिळली,
मग बोलल्या.
"दोन वरसं झाले, धडधडते. कोनाले सांगतलं नाई.
यायनं रातच्यानं आयकलं, कुशीवर असताना.
तवापासून आपली मलेच देते.
बरं वाटते वं, लय हलकं."

मी पट्टा बांधला.
एकशे शहाण्णव.
पुन्हा बांधला.
त्याच मोपेडवर मागे बसवून
प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं त्यांना.
वाटेभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता,
आणि कोरड्या मातीसारखा हलका होता.

रात्री फॉर्म भरला.
'नियमभंगाचा तपशील', दोन ओळींची जागा.
लिहिलं: घरातील दुसऱ्या व्यक्तीने घेतल्या.
का, असा रकाना नव्हता.

डोमाजी पोळ्याच्या पाडव्याला
सायकल मारत नवरगावच्या ऑफिसात आले.
"आता माया नंबर बाद?"
नाही काका.
ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात मोजतात,
गोळी खाल्ली, फेकली,
की दुसऱ्याला दिली, तरीही.
"म्हंजे काय केलं ते नाई पायत,
काय ठरलं होतं ते पायते?"
असंच काहीसं.
ते बराच वेळ आपल्या टाचेची भेग बघत बसले.
"अजब हाये," म्हणाले, "पन बरं हाये."

यंदा फाल्गुनात पाकिटं फोडली.
औषधाच्या गटाला थोडा फायदा दिसला,
थोडा म्हणजे दशांश चिन्हाच्या उजवीकडे.
मी आधी एकशे सतरा शोधला.
स्टार्च.

सांगायला गेले तेव्हा परसाला फुलं लागली होती.
डोमाजींना अंगणाच्या कडेला घेतलं, सांगितलं.
हसतील वाटलं होतं.
त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला,
झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.
"हिले नका सांगू."

आतून गडव्याचा आवाज आला.
बायनाबाई आता सरकारी गोळी घेतात,
पट्टीवर नाव छापलेलं,
दाब एकशे चौतीस.
"बाई, हे गोळी कडू हाये," त्या आतूनच म्हणाल्या,
"मले ते पयलीच मानवत होती.
असंल तं एखादी डबी पाय ना तुया पिशवीत."

मी पिशवीत हात घातला,
आणि बराच वेळ शोधल्यासारखं केलं.