उडी रद्द

नाना पेठेत, क्लच प्लेटांच्या दुकानावर
एक खोली आहे. जिना लोखंडी, सहावी पायरी गेलेली.
आत जुन्या बाजारातून आणलेला डबा टीव्ही,
दोघांनी उचलला तरी कंबर धरते असा.
नवे पातळ पडदे चित्र जरा उशिरा दाखवतात
आणि आम्हाला उशीर परवडत नाही.

रविवारी अकराला मी ओवेसला शिकवते.
तो खाली वडिलांच्या गल्ल्यामागे नट मोजतो,
वर येताना हात पुसतो, तरीही
माझ्या कंट्रोलरवर त्याच्या अंगठ्याचं ग्रीस.
त्याचा गडी म्हणजे बेडूक, जड हातांचा,
अधांतरी फळ्यांवर उभा.

धावता धावता पकडलंस तर फसशील, मी सांगते.
धावत्या हाताला माघारी यायला वेळ लागतो,
तेवढ्यात समोरचा तुला बडवून
अमृततुल्यात चहा पिऊन येईल.
म्हणून धाव. मग उडीचं बटण दाब.
गुडघे वाकतील. टाचा अजून फळीवर.
सेकंदाचे साठ तुकडे कर, त्यातले तीन तुझे.
त्या तिनात पकड दाब.
उडी विसरली जाते. धावणंही विसरलं जातं.
जणू कधीपासून तिथेच उभा होतास,
तसा हात पुढे जातो.

ओवेस उडतो.
पुन्हा उडतो.
सतराव्यांदा उडतो आणि फळी चुकवून खाली, काळ्यात.
"ताई, उडायचंच नाहीये तर उडीचं बटण कशाला?"
प्रश्न बरोबर आहे.
उत्तर मला येत नाही, अंगठ्याला येतं.

बाबा स्कूटरचे ब्रेक लायनर घ्यायला आले होते.
माझी चप्पल जिन्याखाली दिसली म्हणून
वर चढले, पिशवीसकट, धापा टाकत.
अकरा वर्षं तालमीत काढलीत त्यांनी. कान मोडलेले,
गुडघे त्याहून जास्त.
स्टुलावर बसून बेडकाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "हा तर पट आहे."

"वर बघायचं. त्याला वाटलं पाहिजे, मानेला हात घालतोय.
तो ताठ होतो, छाती वर घेतो.
तेवढ्यात तू खाली, त्याच्या पायात."
ओवेस म्हणाला, "म्हणजे फसवायचं."
"नाही रे. फसवणारा डोळ्यांत दिसतो.
खरंच वर जायचं असतं.
मग जायचं नाही."

खोलीत पंख्याचा आवाज.
खाली कुणीतरी पिस्टनच्या रिंगा ओतल्या पत्र्यावर.
दोन बटणं वाजायला हवी होती,
एकच वाजलं.
माझी खार बेडकाच्या मुठीत.

"धरली!" ओवेस ओरडला, उभा राहिला,
आणि पुढे काहीच केलं नाही.
फेक, मी म्हणाले. आपट. वर उडव.
तो नुसता मुठीकडे बघत होता.
माझे अंगठे सवयीने सुटायची खटपट करत होते,
आणि खार सुटलीसुद्धा.
नियमच आहे तसा: धरलेलं फार वेळ धरून ठेवता येत नाही.
ज्याने मार कमी खाल्लाय, तो लवकर निसटतो.
भरपूर खाल्लेला तसाच राहतो, हातात.

"हे नव्हतं सांगितलं तुम्ही," ओवेस म्हणाला.
बाबा हसले. "आम्हालाही नव्हतं सांगितलं."

उतरताना सहाव्या पायरीशी
बाबांनी माझं मनगट धरलं.
इतकं घट्ट, की घड्याळाचा पट्टा रुतला.
रस्त्यावर आलो तरी सोडलं नाही त्यांनी.
मीही खटपट केली नाही.

मग दुकानात, तेच मनगट टाकून,
काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवत म्हणाले,
"अत्तारशेठ, चाळीस कमी करा.
तुमच्या पोराला पट शिकवलाय."
अत्तारशेठनी वर छताकडे पाहिलं.
वर दाणकन काहीतरी आपटलं.
"वीस," ते म्हणाले.