जास्तीची ओळ

चोपड्याच्या मार्केट यार्डात दगडूमामा मापाडी होता.
ज्वारी मोजताना 'एक' कधी म्हणाला नाही,
पहिल्या मापाला म्हणायचा, लाभ.
मग दोन, मग तीन.
एक हा एकटा असतो, त्यानं सुरुवात करू नये
असं त्याचं म्हणणं.

स्वतः एकटाच राहिला.
गेला तेव्हा बँकेत चार लाख अकरा हजार,
नॉमिनीचा रकाना कोरा,
खुंटीवर दोन सदरे.

सदरे कुणाला न विचारता देऊन टाकता आले.

बडगुजर वकील चष्मा पुसत म्हणाले,
मृत्युपत्र असतं तर गोष्ट वेगळी.
(फुकट तीही नाही, हे जरा हळू.)
आता वारस दाखला, अमळनेरच्या कोर्टात.
एक वही घाला खर्चाची.

मी वही घातली.
मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती.
झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स.
कोर्ट फी म्हणजे
एका पारड्यात मामाची रक्कम ठेवायची
आणि दुसऱ्यात स्टॅम्प घालत राहायचे
काटा सरळ होईतो.
काटा कोर्टाचा. मूठभर वर मागता येत नाही.
एसटी, माझं पूर्ण, आईचं अर्धं.
साहेब रजेवर होते त्या तारखेची
भजी, वीस रुपये.

बँकेत तो दगडू उखा शिंपी
आणि रेशनकार्डावर दिगंबर उखाजी जगताप.
त्याच्या आधीची दोन लेकरं गेली
म्हणून आजीनं त्याला दगड म्हटलं,
मरण फसावं म्हणून.
मरण सत्त्याहत्तर वर्षं फसलं.
बँक एक दिवस फसली नाही.

मग प्रतिज्ञापत्र,
की वरील दोन्ही इसम एकच होत.
टायपिंग, नोटरी, दोन साक्षीदार, साक्षीदारांचा चहा.
आई बाकावरून म्हणाली,
"मना भाऊ एकच व्हता.
त्यानाबी पैसा लागतस का?"
टायपिस्टनं मान वर केली, हे पण घ्यायचं का?

जाहीर नोटिशीचे पैसे ओळीवर.
वकिलांनी मामाला छाटत छाटत
नऊ ओळींत बसवला.
मी नावापुढे 'मापाडी' घातलं.
त्या एका शब्दानं दहावी ओळ पडली,
एकशे ऐंशी रुपये.
अख्ख्या वहीत तेवढाच खर्च
मी कुणाला विचारला नाही.

कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत.
सव्विसाव्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात
एक म्हातारा, हातात घडी घातलेलं कात्रण.
लुकमान तडवी, राहणार अडावदकडचा.
वकिलांनी फाईल छातीशी धरली.
हरकत?

तो म्हणाला, नातवानं वाचून दाखवलं.
दिगंबर कोण, आम्हाला ठाऊक नाही,
पण मापाडी म्हटल्यावर कळलं.
सहाशे रुपये घेतले होते मी,
मक्याच्या पेरणीला.
दोनदा आणले, दोनदा म्हणाला, पुढच्या हंगामाला दे.

वकिलांनी फाईल खाली ठेवली.
हे मालमत्तेच्या यादीत नाही.
घ्यायचं तर अर्जात दुरुस्ती करा,
दुरुस्तीचा खर्च सहाशेच्या वर जाईल.

तडवींनी ऐकलं, मान हलवली,
आणि नोटा आईच्या ओंजळीत ठेवल्या.
मऊ पडलेल्या, तेलकट, शंभराच्या.
आईनं त्या मोजल्या,
ओठ हलले, आवाज आला नाही.
मग म्हणाली, याला जेवू घाल.

परतताना एसटीत वही उघडली.
डावीकडची जमेची पानं अजून कोरीच.
वर तारीख टाकली.
अनुक्रमांकाखाली 'एक' लिहिलं,
आणि गाडी तापीच्या पुलावर येईपर्यंत
खोडून टाकलं.