परिमाण निवडा

गाला शेठनी सॉफ्टवेअर घेतलं दिवाळीनंतर,
वर्षाच्या भाड्यावर, दोन लॉगिन:
एक त्यांचं, कधीच न उघडलेलं,
एक माझं.
विक्रोळीच्या गाळ्यात, टाइल्सच्या नमुन्यांमागे बसून
मी दुसऱ्यांच्या भिंतींची किंमत सांगते.

छान आहे तसं. खोटं कशाला बोलू.
नकाशा टाकला की भिंती आपोआप मोजतं,
खिडक्यांची भोकं वजा करतं,
सिमेंटच्या गोणीचा भाव सकाळी स्वतःच बदलून घेतं.
ज्याला आठवडा लागायचा आणि दोन खोडरबर
ते आता चहा निवायच्या आत होतं.

मग शेठ म्हणाले, जुन्या वह्याही भर त्यात.
घाडीगावकरांच्या वह्या, एकवीस वर्षांच्या,
लाल कापडी पुठ्ठा, हिरवी शाई,
साताच्या आकड्याला आडवी रेघ.
ब्रास, घनफूट, नग, रनिंग फूट,
सगळं मुकाट गिळत गेलं यंत्र.
अडलं एकाच ओळीशी.

प्रत्येक अंदाजपत्रकाच्या तळाला,
डेब्रिसच्या गाडीनंतर, बेरजेच्या आधी,
बारीक अक्षरात: इतर.
पुढे रक्कम. ना दर, ना माप.
स्क्रीन म्हणाली, परिमाण निवडा.
मी 'नग' निवडलं. किती नग?
'एकरकमी' निवडलं. कारण लिहा.
कारण मला ठाऊक नव्हतं.

कांजूरची शाळा, चार मजले: तीन हजार दोनशे.
टागोरनगर, सात मजले: पाच हजार सहाशे.
पवई, बारा मजल्यांचा बाहेरचा रंग: नऊ हजार सहाशे.
भांडुप, संडास दुरुस्ती, तळमजला: शून्य.
शून्यसुद्धा लिहिलेलं, त्याच हिरव्या शाईत.
भागून पाहिलं. मजल्यामागे आठशे.
आधीच्या वहीत सहाशे, त्याआधी साडेचारशे.

फोन लावला. ते आता कणकवलीच्या पुढे असतात,
कान जड झालेत.
इतर म्हणजे काय हो, मी ओरडून विचारलं.
"उंची."
उंचीचे पैसे?
"तळमजल्यार पडलेलो उठान कपडे झाडता गो."
मग बराच वेळ मागे नुसता पंप चालल्याचा आवाज.
"राजावाडीपर्यंत टॅक्सी. मगे गाव. माल्दा लांब आसा.
उरले तर शेठाक परत देय होतंय. वही बघ."

बघितली. कामाच्या शेवटच्या पानावर,
कोपऱ्यात: परत. तारीख. सही.
कांजूर, परत. टागोरनगर, परत.
पवईच्या पानाचा कोपरा कोरा.

शेठना म्हटलं, एक ओळ वाढवू का?
म्हणाले, मागचं टेंडर अकराशे रुपयांनी गेलं, विसरलीस?
आणि विमा काढलाय ना आपण.
काढलाय. विम्याची ओळ आहे, तिला परिमाण आहे,
पॉलिसीवर परातीवाल्याचं नाव इस्राफिलऐवजी
इस्माइल आहे, आणि तो परातीवाला नाही,
पराती बांधणाऱ्यांचा मुकादम आहे.
दुरुस्तीचा अर्ज फेब्रुवारीत केलाय.

आता घाटकोपर. नऊ मजले, बाहेरचा गिलावा,
अठरा लाखांचा माल.
वाया जाणारा माल किती टक्के, यंत्राने विचारलं.
आम्ही नेहमी तीन धरतो.
मी टाकले तीन पूर्णांक चार.
इथे त्याला कारण नको होतं.
बेरीज झाली, हिरवी खूण आली.

दारात इस्राफिल उभा, उचल मागायला आलेला,
दातांत सुतळीचा तुकडा, बोटांवर बांबू मोजत.
साठ कमी पडतील म्हणतो.
साठ वाढवले.
"और दीदी, सुतली?"
धरलीय, म्हटलं. थोडी जास्तच धरलीय.